रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील हायलुरोनन: मधुमेह, लघवीतील अल्ब्युमिन आणि गोळ्यांचा प्रश्न

एका वाचकांनी तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. त्यांच्या वडिलांना बरीच वर्षे मधुमेह आहे आणि अलीकडच्या तपासणीत त्यांच्या लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन आढळले. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावरचे हायलुरोनन झिजल्यामुळे असे होते, असे त्यांच्या वाचनात आले. हे हायलुरोनन तिथे नेमके काय करते, रक्त तपासून त्याची झीज कळते का, आणि चेहऱ्याच्या सिरममध्ये किंवा गुडघ्याच्या इंजेक्शनमध्ये जे हायल्युरॉनिक ॲसिड असते तेच गोळीवाटे घेतले तर अस्तर भरून येईल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी मूत्रपिंडविकारांचा वैद्य आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी फार मोठा वाटा मधुमेहींचा असतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. आपण जे वाचले ते चुकीचे नाही. मात्र त्यावरून गोळीपर्यंत जी उडी मारली जाते ती चुकीची आहे. हायलुरोनन शरीरात किती आहे यावरून फारसे काही ठरत नाही. ते कोणत्या जागी आहे, त्याची साखळी किती लांब आहे आणि ती कशाला धरून आहे, या तीन गोष्टींवर त्याचा सगळा परिणाम अवलंबून असतो. पेशीच्या पृष्ठभागावर लांब साखळीच्या रूपात असलेले हायलुरोनन रक्तवाहिनीचे रक्षण करते आणि तेच तुकडे होऊन रक्तात वाहू लागले की ती हानीची खूण ठरते. हा फरक मनात पक्का असेल तर पुढचे सगळे समजायला सोपे जाईल.

आधी या रेणूविषयी थोडे. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातील काचद्रवातून तो वेगळा केला. काचेसाठी असलेला ग्रीक शब्द आणि रेणूत सापडलेले युरोनिक आम्ल यांच्या जोडणीतून हायल्युरॉनिक ॲसिड हे नाव तयार झाले. शरीरात तो बहुतांशी आम्लाच्या नव्हे तर क्षाराच्या रूपात असतो, म्हणून १९८६ मध्ये एंड्रे बालाझ यांनी सुचवलेले हायलुरोनन हे नाव शास्त्रीय लिखाणात रुळले. दोन शर्करांची एक जोडी, ग्लुक्युरॉनिक आम्ल आणि एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइन, हजारो वेळा एकापुढे एक जोडली गेली की हा रेणू तयार होतो. एका जोडीची लांबी सुमारे एक नॅनोमीटर असते. म्हणजे दहा हजार जोड्यांची साखळी सरळ ताणली तर ती दहा मायक्रोमीटर भरेल आणि तांबड्या पेशीचा व्यास त्यापेक्षा कमी, सात ते आठ मायक्रोमीटर असतो. प्रत्यक्षात ही साखळी ताठ उभी राहत नाही, ती सैल गुंडाळीसारखी पसरते आणि त्या गुंडाळीत पुष्कळ पाणी धरून ठेवते.

तिच्या जातीतील इतर साखळ्यांपेक्षा, उदाहरणार्थ हेपॅरान सल्फेट किंवा काँड्रॉइटिन सल्फेट यांच्यापेक्षा, हायलुरोनन दोन बाबतींत वेगळे आहे. त्याच्यावर गंधकाचे गट नसतात आणि ते कोणत्याही प्रथिनाच्या दांड्याला कायमचे जोडलेले नसते. शिवाय ते पेशीच्या आत तयार करून बाहेर पाठवले जात नाही. पेशीच्या आवरणातच बसलेले हायलुरोनन सिंथेज नावाचे विकर (एन्झाइम) ते विणत जाते आणि विणलेला धागा तसातसा बाहेर सरकवत जाते. या विकराचे तीन प्रकार आहेत आणि रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने त्यातील दुसरा, एचएएस-२, सर्वांत महत्त्वाचा. हे जनुक काढून टाकलेले उंदराचे भ्रूण गर्भावस्थेच्या मध्यावरच, साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास, दगावते, कारण हृदयाच्या झडपा ज्या गादीतून घडतात ती गादीच तयार होत नाही आणि रक्तवाहिन्यांची रचनाही बिघडते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगानंतर हायलुरोननला केवळ पेशींमधली पोकळी भरणारे द्रव्य समजणे शक्य राहिले नाही.

आता अस्तराकडे वळू. प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतून पातळ पेशींचा एक थर असतो. त्यांना अंतःस्तर पेशी म्हणतात. पाठ्यपुस्तकातील चित्रांत रक्त या पेशींना थेट घासून वाहताना दाखवतात, पण ते खरे नाही. या पेशींवर रक्ताच्या बाजूने शर्करा आणि प्रथिनांचे एक मऊ, पाणीदार आवरण असते आणि त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. ओढ्याच्या तळाशी दगडावर वाढलेले शेवाळ आठवावे. पाण्यात असताना ते लांबसडक पसरून प्रवाहाबरोबर डुलते, पण दगड बाहेर काढला की तेच शेवाळ चपटे होऊन असे चिकटते की तिथे काही होते हेही ओळखू येत नाही. ग्लायकोकॅलिक्सचे अगदी तसेच होते. ऊतीचा तुकडा नेहमीच्या पद्धतीने सुकवून, रसायनात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हे आवरण कोसळते किंवा धुऊन जाते. १९६६ मध्ये लुफ्ट यांनी रुथेनियम रेड हा रंग वापरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ते दाखवले, तरी त्याची खरी जाडी कळायला जिवंत प्राण्याच्या वाहत्या केशवाहिनीत डोकावावे लागले. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात ब्रायन डुलिंग यांच्या प्रयोगशाळेने हॅमस्टरच्या स्नायूतील केशवाहिन्यांत १९९० च्या दशकात हे केले. वाहत्या तांबड्या पेशी आणि वाहिनीची भिंत यांच्यात सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरची एक पट्टी सदैव मोकळी राहते असे त्यांना आढळले. पाच मायक्रोमीटरच्या वाहिनीत दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मायक्रोमीटर म्हणजे ही जागा काही थोडीथोडकी नव्हे.

या आवरणात संख्येने अधिक असते हेपॅरान सल्फेट. सिंडिकॅन आणि ग्लायपिकॅन या प्रथिनांच्या आधाराने ते पेशीवर उभे असते. हायलुरोनन मात्र सीडी४४ नावाच्या, पेशीवरील ग्राहकाला (रिसेप्टरला) धरून किंवा त्याला विणणाऱ्या विकरातच अडकून राहते आणि या उभ्या दांड्यांमधून आडवेतिडवे विणले जाते. मांडव उभा राहतो खांबांवर, पण सावली पडते ती वर अंथरलेल्या झावळ्यांमुळे. तसे हेपॅरान सल्फेट आणि हायलुरोनन यांचे नाते मी विद्यार्थ्यांना समजावतो. १९९९ मध्ये हेन्री आणि डुलिंग यांनी हॅमस्टरच्या रक्तात हायलुरोनिडेज, म्हणजे हायलुरोनन तोडणारे विकर, सोडले तेव्हा एरवी या आवरणाबाहेर थोपले जाणारे ७० आणि १४५ किलोडाल्टन वजनाचे डेक्स्ट्रान या शर्करेचे रेणू आत शिरू लागले. त्याहून मोठे रेणू मात्र तरीही बाहेरच राहिले. याचा अर्थ, संपूर्ण आवरण नाहीसे झाले नव्हते, त्याची वीण तेवढी सैल झाली होती. अल्ब्युमिनचे वजन ६६ किलोडाल्टन आहे हे लक्षात घेतले की या आकड्यांचे महत्त्व कळते.

याच प्रयोगाचा पुढचा भाग आपल्या गोळीच्या प्रश्नाशी संबंधित आहे. रक्तातून हायलुरोनन आणि काँड्रॉइटिन सल्फेट यांचे मिश्रण दिल्यावर ही वीण पुन्हा घट्ट झाली, पण दोन्हींपैकी एकच दिले तर काहीही फरक पडला नाही. आवरण ही अनेक धाग्यांची एकत्र वीण आहे आणि त्यातील एकच धागा बाहेरून ओतून ती आपोआप दुरुस्त होत नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

चाळणीइतकेच महत्त्वाचे दुसरे काम म्हणजे प्रवाहाची जाणीव. रक्त वाहताना अंतःस्तरावर घर्षणाचा जो ताण पडतो तो या पेशींना कळतो आणि त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्यामुळे रक्तवाहिनी सैलावते आणि बिंबाणू चिकटत नाहीत. पण पेशी स्वतः आवरणाखाली असताना तिला प्रवाह कळतो कसा? प्रवाहाबरोबर वाकणाऱ्या या साखळ्याच तो ताण खाली पेशीपर्यंत पोहोचवतात. २००३ मध्ये कुत्र्याच्या मांडीतील धमनीवर झालेल्या प्रयोगात हायलुरोनिडेजने हायलुरोनन काढल्यावर प्रवाह वाढवूनही नायट्रिक ऑक्साइड पूर्वीसारखे तयार होईना, पण पेशीला थेट चालना देणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन दिल्यावर मात्र तेच अस्तर नेहमीप्रमाणे प्रतिसाद देत होते. पेशी धडधाकट होती, नायट्रिक ऑक्साइड बनवण्याची तिची क्षमताही शाबूत होती, केवळ प्रवाहाचा निरोप तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण अस्तर बिघडले असे आपण सरसकट म्हणतो त्यात पेशीचा बिघाड किती आणि तिच्या आवरणाचा किती, हे तो वेगळे करून दाखवतो.

हे नाते उलट दिशेनेही चालते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अंतःस्तर पेशींवरून चोवीस तास द्रव वाहता ठेवला की त्यांच्या आवरणातील हायलुरोनन वाढते, तर साचलेल्या द्रवात ते कमी राहते. उंदरांच्या मानेतील धमनी जिथे दुभंगते आणि प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो तिथे हे आवरण सरळ भागापेक्षा पातळ आढळले आहे आणि चरबीचे थर साचायला सुरुवात होते तीही अशाच वळणांवर. तिसरे काम, पांढऱ्या पेशींना दूर ठेवण्याचे, मी थोडक्यात सांगतो: आवरण जाड असेपर्यंत अंतःस्तरावरील चिकट रेणू त्याच्याखाली झाकलेले राहतात, आणि ते विरले की पांढऱ्या पेशींना त्यांच्यावर पकड मिळते.

मूत्रपिंडात ही सगळी कामे एका जागी येऊन मिळतात. तेथील केशवाहिन्यांचा गुच्छ, ज्याला ग्लोमेरुलस म्हणतात, तो रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतो. हा द्रव गाळला जाण्यासाठी त्यातील अंतःस्तर पेशींना मुद्दाम छिद्रे असतात आणि ती ६० ते ८० नॅनोमीटर रुंद असतात. अल्ब्युमिनचा रेणू सुमारे सात नॅनोमीटरचा. दाराची रुंदी पाहुण्याच्या दसपट असताना पाहुणा आत कसा येत नाही, हा प्रश्न माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांना पडायचा आणि उत्तर मिळायचे की खरी चाळणी पलीकडे, अंतःस्तराखालचे पातळ तळपटल आणि त्याच्या बाहेरच्या पोडोसाइट पेशींच्या फटींत आहे. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. ही छिद्रे रिकामी नसतात, ग्लायकोकॅलिक्स त्यांत भरलेले असते. नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रौढ उंदरांच्या केवळ अंतःस्तर पेशींमधून एचएएस-२ हे जनुक बंद केले. बाकी मूत्रपिंडाला त्यांनी हात लावला नव्हता. तरीही काही आठवड्यांत त्या उंदरांच्या लघवीत अल्ब्युमिन उतरू लागले, आणि एवढ्यावर न थांबता ग्लोमेरुलसच्या केशवाहिन्या विस्कटू लागल्या, कमी होऊ लागल्या. शेजारच्या पेशींना जागेवर धरून ठेवणारे संदेशही या आवरणातून जात असतात, हे त्यावरून स्पष्ट झाले. मधुमेही मूत्रपिंडविकार असलेल्या माणसांच्या ऊतींच्या नमुन्यांतही ग्लोमेरुलसच्या अंतःस्तरावरील हायलुरोनन कमी झालेले त्याच संशोधकांना दिसले.

म्हणजे आपल्या वडिलांच्या लघवीतील अल्ब्युमिनला हायलुरोननची झीज कारणीभूत असू शकते का? हो, एक कारण म्हणून निश्चितच. एकमेव कारण म्हणून नाही, कारण मधुमेहात पोडोसाइट पेशीही गळतात, तळपटल जाड होते, आणि ग्लोमेरुलसमधील दाब वाढतो.

साखरेचा या आवरणावर किती लवकर परिणाम होतो हे ॲमस्टरडॅममध्ये २००६ साली निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या एका अभ्यासातून कळते. त्यांच्या रक्तातील साखर सहा तास सुमारे २७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतकी वर ठेवली, तेव्हा शरीरातील एकूण ग्लायकोकॅलिक्सचा अंदाजित आकार सुमारे १.७ लिटरवरून ०.८ लिटरवर आला आणि त्याच वेळी रक्तातील हायलुरोनन वाढले. ही मोजणी अप्रत्यक्ष आहे, रंगखुणा लावलेले रेणू रक्तात किती जागा व्यापतात यावरून ती काढली जाते आणि तिच्या अचूकतेवर जाणकारांनी आक्षेप घेतले आहेत. म्हणून मी लिटरच्या आकड्याला फार चिकटून राहणार नाही. दिशा मात्र इतर प्रयोगांशी जुळते. आवरण विरण्यामागे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू, हायलुरोनिडेज, आणि सीडी४४ किंवा सिंडिकॅनला पेशीवरून छाटून टाकणारी विकरे, असे अनेक मार्ग असतात.

इथे एक कोडे आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. हायलुरोननच्या दोन्ही शर्करा ग्लुकोजपासूनच तयार होतात. मग रक्तात ग्लुकोज भरपूर असताना हायलुरोनन कमी का व्हावे? वास्तविक सगळीकडे ते कमी होतच नाही. रक्तवाहिनीच्या मधल्या थरातील स्नायुपेशींमध्ये साखर वाढली की हायलुरोननची निर्मिती वाढते, आणि मधुमेहींच्या महाधमनीच्या त्या थरात ते साठलेले आढळते. तिथे ते उपकारक नसते: भिंतीत साचलेले हायलुरोनन स्नायुपेशींच्या स्थलांतराला आणि दाहाला साथ देते, आणि ज्या चरबीच्या थरांवरील अंतःस्तर झडून गुठळी बनते त्या ठिकाणी गुठळीच्या अगदी खाली हायलुरोननचा दाट पट्टा दिसतो. म्हणजे मधुमेहात जिथे ते हवे त्या रक्ताच्या बाजूला ते विरते, आणि जिथे नको त्या भिंतीच्या आत ते साचते.

त्याची निर्मितीच थांबवली तर काय होते, हेही तपासले गेले आहे. हायमेक्रोमोन नावाचे एक औषध युरोपात पित्ताच्या तक्रारींसाठी वापरले जाते आणि ते हायलुरोननच्या निर्मितीला लागणाऱ्या कच्च्या मालाचा पुरवठा तोडते. जर्मनीतील संशोधकांनी २०१० मध्ये ते धमन्यांत चरबी साचण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांना दिले. भिंतीतील हायलुरोनन कमी होऊन रोग मंदावेल अशी अपेक्षा कोणीही केली असती, पण अंतःस्तरावरील आवरणाला इजा झाली आणि चरबीचे थर उलट लवकर वाढले. वाढवा किंवा घटवा, असे सरसकट धोरण इथे चालत नाही.

साखळीच्या लांबीविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण बाजारातील बहुतेक दावे याच मुद्द्यावर घसरतात. मँचेस्टरमध्ये शांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले की हायलुरोननचे ४ ते २५ जोड्यांचे तुकडे नव्या रक्तवाहिन्या फुटायला चालना देतात, जे काम अखंड लांब रेणू करत नाही. पुढील संशोधनात असेही दिसले की लांब साखळ्या सीडी४४ वाटे अंतःस्तर पेशींमधील सांधे घट्ट करतात आणि छोटे तुकडे तेच सांधे सैल करतात. एकच ग्राहक, एकच शर्करा, आणि तरीही उलट निरोप. जखम झाली असताना याला अर्थ आहे, कारण तुकडे पडले म्हणजे कुठेतरी ऊती फाटली आहे आणि तिथे नव्या वाहिन्यांची व पांढऱ्या पेशींची गरज आहे, असा संदेश शरीराला मिळतो. तथापि छोटे तुकडे दाह पेटवतात असे सांगणाऱ्या काही प्रयोगांत वापरलेल्या द्रव्यात जिवाणूंच्या विषाचा अंश होता आणि परिणाम त्या विषाचा होता, हेही नंतर उघड झाले. त्यामुळे या विषयावरचा प्रत्येक निष्कर्ष वाचताना द्रव्य कुठून आले आणि किती शुद्ध होते, हे मी आधी पाहतो.

आता रक्ततपासणी. रक्तातील हायलुरोनन मोजता येते, पण आपण समजता त्या कामासाठी तिचा उपयोग होत नाही. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे १५ ग्रॅम हायलुरोनन असते आणि त्यातील सुमारे एक तृतीयांश रोज तुटते व नव्याने बनते. त्वचा, सांधे आणि इतर ऊतींतून सुटलेले हायलुरोनन लसिकावाहिन्यांत जाते, तिथल्या गाठींत त्याचा मोठा भाग तुटतो, आणि जे रक्तापर्यंत पोहोचते ते यकृतातील केशवाहिन्यांच्या अंतःस्तर पेशी स्टॅबिलिन-२ या ग्राहकाने काही मिनिटांत उचलून घेतात. या पेशी बिघडल्या की रक्तातील पातळी चढते. म्हणूनच यकृताच्या काठिण्याचा अंदाज घेणाऱ्या ईएलएफ नावाच्या चाचणीतील तीन घटकांपैकी एक हायलुरोनन आहे. संधिवातातही ती पातळी वाढते. तेव्हा एखाद्या मधुमेही रुग्णाच्या रक्तात हायलुरोनन जास्त आले तर त्याचे अस्तर विरते आहे, की यकृतात चरबी साचून काठिण्य सुरू झाले आहे, की सांधे सुजले आहेत, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. मधुमेहींमध्ये यकृताचा विकार किती सर्रास असतो हे पाहता ही अडचण पुस्तकी नाही. आणि आकडा जास्त आला म्हणून शरीरात हायलुरोनन मुबलक आहे असा आनंद मानणे तर अगदीच चुकीचे ठरेल. जिभेखालील सूक्ष्म वाहिन्यांचे चित्रण करून आवरणाचा अंदाज घेणारी यंत्रे आहेत, पण ती संशोधनासाठी वापरली जातात, आणि आपल्या वडिलांवरील उपचार त्यावर ठरवावेत अशा पातळीला ती आलेली नाहीत.

हे आवरण अचानक विरले तर काय होते हे महाराष्ट्रात दर पावसाळ्याच्या अखेरीस दिसते, म्हणून डेंग्यूचा उल्लेख करतो. ताप उतरण्याच्या सुमारास काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, रक्त घट्ट होते, छातीत आणि पोटात पाणी साचते, रक्तदाब ढासळतो. डेंग्यूच्या विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन अंतःस्तर पेशींना त्यांचेच आवरण तोडणारी विकरे सोडायला भाग पाडते, असे २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथील एव्हा हॅरिस यांच्या गटाने दाखवले. थायलंड आणि तैवानमधील डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तात हायलुरोनन वाढलेले आढळले आहे, आणि ज्यांच्यात ते सुरुवातीलाच जास्त होते त्यांच्यात पुढे धोक्याची लक्षणे अधिक दिसली. हा पाझर एक-दोन दिवसांत थांबतो आणि रुग्ण वाचला तर रक्तवाहिन्यांवर व्रण मागे राहत नाही. पेशी मेल्या असत्या तर इतक्या लवकर सावरणे अवघड होते, त्यामुळे मुख्य आघात आवरणावर होतो असे मानायला मला आधार वाटतो. अशा वेळी शिरेतून द्रव देताना घाईने भरपूर ओतणे जितके घातक, तितकेच हात आखडणे घातक, हे अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आवरण नसलेल्या वाहिनीत ओतलेले पाणी वाहिनीत टिकत नाही.

शेवटी गोळी. तोंडावाटे घेतलेले हायलुरोनन पचनमार्गात आणि मोठ्या आतड्यातील जिवाणूंकडून बरेचसे तुटते. रक्तात जे पोहोचते ते बहुधा छोट्या तुकड्यांच्या रूपात, आणि अखंड साखळी समजा पोहोचलीच तर यकृत ती काही मिनिटांत उचलून नेईल. अंतःस्तरावरील हायलुरोनन तिथल्याच पेशी तिथल्या तिथे विणतात, ते रक्तातून येऊन बसलेले नसते. त्वचेसाठी किंवा गुडघ्यासाठी अशा गोळ्यांचा काही उपयोग होतो की नाही हा वेगळा वाद आहे आणि मी त्यात पडत नाही. मधुमेहात लघवीतील अल्ब्युमिन या गोळ्यांनी कमी होते याला मात्र विश्वासार्ह पुरावा नाही, आणि माझ्या रुग्णांनी त्यावर पैसे खर्च करू नयेत असे मी त्यांना स्पष्ट सांगतो. चेहऱ्याचे सिरम त्वचेच्या वरच्या थरात पाणी धरते, गुडघ्यातील इंजेक्शन सांध्याच्या पोकळीत राहते. दोन्हींचा रक्तवाहिनीच्या अस्तराशी संबंध नाही.

याच दिशेने झालेला एक गंभीर प्रयत्न इथे सांगायला हवा. सुलोडेक्साइड नावाचे औषध हेपॅरिन आणि डर्माटान यांच्या जातीच्या साखळ्यांचे मिश्रण आहे, त्यात हायलुरोनन नाही. दोन महिने ते दिल्यावर मधुमेहींच्या जिभेखालील आणि डोळ्याच्या पडद्यातील वाहिन्यांवरचे आवरण काहीसे जाड झाल्याचे २०१० मध्ये एका छोट्या अभ्यासात दिसले. लघवीतील अल्ब्युमिनवर आणि मूत्रपिंडाच्या कार्यावर त्याचा परिणाम पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांत मात्र ते औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. मला तेव्हा वाईट वाटले होते, कारण कल्पना पटण्यासारखी होती. पण आवरण दुरुस्त करायचे म्हणजे त्याला तोडणारे कारण चालू ठेवून वरून धागे पुरवायचे, हे जमणारे नाही, असे आता मी मानतो.

वडिलांसाठी करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील बरेचसे या आवरणाच्याही हिताचे आहे. साखर केवळ तीन महिन्यांच्या सरासरीत नव्हे तर जेवणानंतरच्या चढांतही आटोक्यात राहील हे पाहावे. रक्तदाबासाठी एसीई रोधक किंवा एआरबी गटातील औषध चालू आहे का, आणि एसजीएलटी-२ रोधक गटातील औषध त्यांच्या मूत्रपिंडाच्या कार्याला साजेसे आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. या दोन्ही गटांनी अल्ब्युमिन कमी होते आणि मूत्रपिंड निकामी होण्याची गती मंदावते, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले आहे. तंबाखू असल्यास पूर्ण बंद. त्यांना झेपेल तसे रोज चालणे, कारण स्थिर, सरळ प्रवाहच अंतःस्तर पेशींना हायलुरोनन विणायला लावतो.

आणि सर्वांत आधी, ती तपासणी पुन्हा करून घ्यावी. लघवीतील अल्ब्युमिन ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, भरपूर व्यायाम किंवा अचानक चढलेली साखर यांनीही तात्पुरते वाढते. सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर तीन ते सहा महिन्यांच्या काळात तीन वेळा पाहावे, आणि त्यापैकी किमान दोन वेळा ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर आले तरच मूत्रपिंडाला मधुमेहाचा त्रास सुरू झाला असे धरावे. त्यासोबत रक्तातील क्रिएटिनिन आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणीही करावी. हे सगळे निकाल घेऊन त्यांना मूत्रपिंडतज्ज्ञाकडे न्यावे, आणि तोवर औषधांच्या दुकानातून कोणतीही वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ देऊ नये.